पाऱ्याचं अक्षर

माझ्या बापाचं अक्षर वाईट होतं.
हे आधीच सांगून टाकते,
कारण आता सगळे त्याच्याविषयी चांगलंच बोलतात.

इझिदोर कोगेय. इद्रियाच्या खाणीत हिंगूळ फोडायचा.
आमचं गाव डोंगरांच्या तळाशी, वाटीत राहिलेल्या कढीसारखं.
हिवाळ्यात ऊन दहाला यायचं, दोनला जायचं,
बापाला त्यातलं काहीच मिळायचं नाही.

पारा चिमटीत राहत नाही.
पण एकदा अंगात शिरला
की जातही नाही.
तिशी यायच्या आत बापाची बोटं थरथरू लागली.
मग दात हलले.
पहिला पडला तेव्हा आई म्हणाली,
"आजपासून पावाची कड माझी."
दोघं हसली. मला भीती वाटली.

तेव्हा राज्य इटलीचं.
शाळेत त्यांची भाषा, टपालात त्यांची,
चर्चच्या पायरीवरसुद्धा आवाज खाली.
आपली भाषा उरली होती चुलीपाशी
आणि जमिनीखाली शंभर-दीडशे हात,
जिथे शिपाई उतरत नसत.
बाप ती तिथून वर आणायचा,
डब्यातून, पेन्सिलीच्या थोटकाबरोबर.

कागद कुठला? आईचा.
ती लेस विणायची. लोडावर नमुना ताणायचा,
भोकाभोकांत टाचण्या, आणि लाकडी टिपऱ्यांची ती खडखड
जिच्यात मी जन्मले, झोपले, पाढे पाठ केले.
नमुना झिजला की बाप मागायचा.
पाठकोऱ्या बाजूला लिहायचा,
एका हातानं दुसरं मनगट धरून.
म्हणून त्याच्या "भाकर" या शब्दातून एक पाकळी गेलीय,
आणि ज्या पानावर फ्लोरियान दरडीखाली सापडतो
तिथे वेलबुट्टी इतकी दाट
की मेला की वाचला, ते अजून लागत नाही.

काय लिहायचा?
खाणीतल्या आंधळ्या घोडीचं नाव.
दिवे मोजणाऱ्या पोराची वही.
कोण कशावर हसलं.
पगाराच्या दिवशी कोणाची बायको फाटकाशी आधी येऊन उभी राहिली.
"क्रांती" हा शब्द मला एकदाच सापडला,
तोही खोडलेला. वर लिहिलंय: "साबण".

एकदा दोघे पोलीस आले.
गाद्या फाडल्या, पिठात हात घातला.
आई विणत राहिली. टिपऱ्या थांबल्या नाहीत.
लोडावर नमुना, नमुन्याखाली बापाची अख्खी रात्रपाळी.
जाताना धाकट्यानं बायकोसाठी एक कॉलर घेतली,
चांगला अर्धा तास घासाघीस करून.
दार लागलं तशी आई म्हणाली,
"मेला, दोन लिरांना फसवून गेला."
आणि मग तिचा पारा असा चढला
की बापानं त्या रात्री काही लिहिलं नाही.

युद्ध संपलं. राजधानीतून माणूस आला, पुस्तक निघालं.
खाणीतले आमचे शब्द त्यानं धुऊन, इस्त्री करून दिले होते.
ओळी कशा, रुळांसारख्या.
कामगारांच्या सभागृहात बाप वाचायला उभा राहिला
तर पान हातात फडफडायला लागलं,
समोर सगळे थरथरत्या हातांचे,
कुणाला काही वेगळं दिसलंच नाही.
चौथ्या ओळीला तो थांबला.
"हा माझ्यापेक्षा चांगला लिहितो,"
म्हणाला, आणि खाली बसला.

मागच्या वर्षी संग्रहालयाच्या बाई आल्या.
नमुने काचेत लावू म्हणाल्या.
मी विचारलं, कोणती बाजू पुढे?
त्या विचारात पडल्या.
भिंतीपाशी दोन्ही कशा दाखवणार?
मग चहा झाला, हवापाणी झालं,
बाईंनी पिशवी उचलली.

डबा माझ्याकडेच आहे.
रविवारी त्यातला एक काढून लोडावर ताणते,
अक्षर खाली, फूल वर.
टाचणी कोणत्या शब्दात रुतते ते उलटून बघत नाही.
परवा हात जरा हलला,
बोटात गेली.